त्या दिवशी कावळे कुठं होते

आमच्या पिक्चरमधलं भूत भुतांना भ्यायचं. ही गंमत आमच्या सरांनाही आवडली आणि वर्गातल्या ज्यानं त्यानं विचारलं, "कुठून सुचलं वं तुले?" मी म्हणायची, असंच सुचलं. असंच काय सुचतं, डोंबल! माझे बाबा तसे होते.

बाबा अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. वर्गातले पोट्टे त्यांना टरकून असायचे. घरी मात्र लाइन गेली की हे स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागं येऊन उभे. "मेणबत्ती पाहाले आलो," म्हणायचे. मेणबत्ती बैठकीत असायची, आणि ती तिथं आहे हे त्यांना चांगलं माहीत असायचं. अंधार पडल्यावर गच्चीवरचे कपडे आणायचे असले की, "चाल ना वं सोबत, हवा मस्त सुटली." मे महिन्यातल्या अकोल्यात कसली आली हवा! पण आई हातातलं काम ठेवून उठायची. ती पुढं, हे मागं. तिनं कधी त्यांना हसून दाखवलं नाही. हसायची ती मी. "गणिताच्या मास्तरले भुताचं भेव," म्हणून घरभर नाचायची. बाबा चिडायचे नाहीत. म्हणायचे, "भूत नाही हे तू सिद्ध करून दाखव. मंग जातो एकटा."

बारावीनंतर मी बी.एस्सी., बी.एड. करावं असं त्यांच्या मनात होतं. मी अमरावतीला जाऊन सिनेमा-पत्रकारितेचं शिकायचं ठरवलं. घरात मोठा राडा झाला. मी आदळआपट करणारी, ते न बोलणारे. अबोला धरला त्यांनी. आणि जायच्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन बसस्टँडवर उभे, खांद्यावर माझी गादी. अमरावतीच्या राजापेठेतल्या खोलीपर्यंत गादी त्यांनीच वाहिली. खाली ट्यूशन क्लास, वर आमच्या खोल्या. बाबांनी खिडकी उघडून पाहिली, कडी लावून पाहिली, बल्ब चालू-बंद करून पाहिला, आणि "जातो" म्हणून गेले. रागात होते का, काही कळलं नाही.

त्याच वर्षी थंडीत ते गेले. शाळेत निघाले होते, बुटाची लेस बांधायला खाली वाकले ते उठलेच नाहीत.

मोर्णा नदीचा घाट आमच्या गच्चीवरून दिसतो. तिथं रोज कोणाचं ना कोणाचं दहावं असतंच, त्यामुळे कावळ्यांना तोटा नाही. लिंबाच्या झाडावर शाळा भरल्यासारखे बसलेले असतात, भात दिसला की खाली. बाबांच्या दहाव्याला बायकांनी यायचं नाही असं काकांनी सांगितलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मुलगा नाही म्हणून सगळे विधी त्यांच्या हातून. मी म्हटलं, मी येते. "अशी रीत नाही," म्हणाले. मी म्हटलं, नसू द्या. आणि गेले. आई घरी एकटी राहिली.

पिंड मांडला. सगळे दूर सरकून उभे राहिले. लिंबावर एक कावळा नव्हता.

वाट पाहिली. ऊन वर आलं. गुरुजी म्हणाले, "इच्छा राहिली असन काही. बोला." मग सुरू झालं. काका हात जोडून पिंडासमोर: "दादा, वहिनीले अंतर देत नाही." कावळा नाही. "दादा, घर इकत नाही." नाही. "तुह्या स्कूटरले कोणी हात लावणार नाही." मागून कोणीतरी खुसकन हसलं. "पोरीचं लगन चांगल्या घरी करून देतो." तरी नाही. आणि मग एकेक करून सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. त्या माना वळताना मी पाहिल्या आहेत, आजही दिसतात.

काका म्हणाले, "तू बोल. सोडते म्हण ते सिनेमाचं."

मी म्हटलं, "सोडते."

आभाळ रिकामं. काका बाकीच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "मनातून नाही म्हणली."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि सुटका करून घेतली. आमची सुटका झाली. बाबांची झाली नाही असं सगळ्यांचं मत पडलं. परतताना कोणी म्हणालं, पोरीपायी जीव अडकला मास्तरचा. हे आईपुढं कोणी बोललं नाही, मीही तिला सांगितलं नाही. तिला तिचं दुःख पुरे होतं. घरी आलो तर ओट्यावर कढई होती, तेलाची. सुतकात कढई चढवत नाहीत, मला चमकायला हवं होतं. मला वाटलं शेजारणीची असेल.

मी काही सोडलं नाही. सोडून जाणार कुठं? पण त्या दिवसापासून माझी पाठ रिकामी राहिली नाही. राजापेठेत लाइन गेली, खालच्या क्लासमधली पोरं ओरडायला लागली, की मला माझ्या मागं कोणी उभं आहे असं वाटायचं. वाटायचं काय, असायचंच. भीती वाटायची नाही. शरम वाटायची, आणि चीड यायची. अंधाराला भिणाऱ्या माणसाला मी अंधारात अडकवून ठेवलं, आणि तो बिचारा येऊन येऊन माझ्याच मागं उभा राहतो, दुसऱ्या कोणाच्या राहणार? मी मान न वळवता म्हणायची, "मेणबत्ती बैठकीत आहे, बाबा." लाइन यायची. मागं मच्छरदाणी.

गेल्या पितृपक्षात त्यांच्या तिथीला काकांनी आमच्या गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, कढी, भाजी, सगळं. या वेळी कावळे आले. पाण्याच्या टाकीवर रांगेनं बसले. पानाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, माना तिरप्या केल्या, आणि जेवून आलेल्या पाहुण्यांसारखे नुसते बसून राहिले. एकानंही चोच लावली नाही. काकांनी माझ्याकडं पाहिलं. पान गाईला घातलं. कावळा येत नाही त्यापेक्षा येऊन बसतो आणि शिवत नाही हे भयंकर असतं. मी पुढचे कित्येक दिवस नीट जेवले नाही.

आता पिक्चरचं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटानं एक छोटी फिल्म करायची होती. आमच्या गटात तिघं. दिग्दर्शन करणारी मूर्तिजापूरची; डोकं शाबूत, जीभ त्याहून शाबूत. कॅमेरा आणि भूत दोन्ही करणारा अकोटचा. सहा फूट उंच आणि सदा भुकेला. आणि लिहिणारी मी. गोष्ट मी दिली: एक मास्तर मरतो, पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणून त्याला घरातच राहावं लागतं. पण त्याला अंधाराची भीती. रात्री बाकीची भुतं भेटायला येतात की हा पळत बायकोच्या मागं. बायकोला हा दिसत नाही, पण ती सवयीनं उठते आणि दिवा लावते.

"जमते!" अकोटवाला गिल्या वड्याचं दही मनगटावरून चाटत म्हणाला. "मी धोतर नेसत नाही पण. चड्डी दिसते. अन् तोंडाले पावडर नको, ज्वारीचं पीठ लावू, घरचं आहे."

"घाम आला का भाकर होईन तुह्या तोंडाची," मूर्तिजापूरवाली म्हणाली.

त्याला मूर्तिजापूरच्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेतून भुताची एंट्री हवी होती. "विचार कर, रुळावर गवत, अन् मधून गाडी येऊन राहिली, आवाज न करता." ती म्हणाली, "शकुंतला चालू होती तवाही आली का नाही समजत नव्हतं. गाडी नको, कारण सांग. भूत शकुंतलेत काऊन बसते?" तिचं सगळं असं. प्रत्येक गोष्टीला कारण पाहिजे. तिच्या घरचे बौद्ध. पिंड, कावळा, यातलं तिला काही माहीत नव्हतं. "आमच्यात वंदना घेतात, माणूस गेला का गेला. मले पहिलीतल्या पोराले सांगते तसं सांग, कावळा नाही शिवला त् होते काय?"

मी सांगितलं. ओळखीच्या एकांकडं झालं होतं असं म्हणून सांगितलं. पुलाखालून पाणी गेल्यासारखं, हसत हसत. काकांचं स्कूटरचं वचन सांगितलं तेव्हा अकोटवाला खुर्चीवरून खाली आला.

अडलो ते शेवटापाशी. भुताला हवं काय होतं? दुपारच्या दुपार गेल्या त्यात. अकोटवाला म्हणायचा, मोबाइलचा पॅटर्न सांगायचा राहिला असन. डब्यातला लाडू राहिला असन. शेजाऱ्यानं नेलेली शिडी परत नाही आणली. मी वहीत काहीच उतरवत नव्हते. एक दिवस म्हणून टाकलं, "पोरीवर राग असतो त्याचा. पोरगी त्याच्या मनाविरुद्ध वागलेली असते. म्हणून अडकते."

"हॅट्!" मूर्तिजापूरवाली म्हणाली. "बाप मरून भूत झाला, स्वतः थरथर कापून राहिला, अन् राग धरून बसला पोरीवर? फालतू आहे. कोण पाहीन हे?"

माझं टाळकंच सटकलं. पेन भिंतीवर आपटलं. "फालतू? तुले काय माहीत? तू होती का तथी? माह्या बापाचं आहे हे! मले उभं केलं होतं पिंडापाशी, मी म्हटलं सोडते, तरी नाही आला!"

खालच्या क्लासमधले सर प्रश्न सांगत होते, तो आवाज तेवढा वर येत होता. अकोटवाल्यानं वडा कागदावर ठेवून दिला, आणि त्यानं खाणं मध्येच सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मी रडले. मोठ्यानं रडले, लाजले नाही.

मूर्तिजापूरवालीनं मला रडू दिलं. पाणी दिलं. "सॉरी," म्हणाली. मग, "पण मले एक सांग. त्या घाटावर रोज कावळे असतात ना?"

"असतात."

"रोज दहावं, रोज भात. मंग त्या दिवशी लिंबावर एकही नाही? भुताचं जाऊ दे. कावळे कुठं गेलते?"

रागावण्याचं कारण नव्हतं, ती पटकथेतली चूक काढावी तशी विचारत होती. दोन वर्षांत बाबांच्या मनात काय होतं याचा विचार मी रोज केला. कावळ्यांचा एकदाही केला नाही.

पितृपक्ष चालू झालाच होता. बाबांच्या तिथीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं अकोल्याला आलो. सबब होती जागा पाहण्याची: आमचीच गच्ची, आमचाच घाट, आणि पितृपक्षात कावळ्यांची दिवाळी असते तेव्हा दोन-चार तर कॅमेऱ्यात सापडतीलच. आईनं पातोड्यांचा रस्सा केला होता. अकोटवाला इतका जेवला की आई खूश झाली. बाबा गेल्यापासून त्या ओट्यापाशी कोणी असं जेवलं नव्हतं. पोळ्या मात्र तिनं अंदाजापेक्षाही जास्त केल्या, डबा भरून उरल्या.

दुपार कलल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. आई हातात भाताचं पातेलं घेऊन मागून आली. तिनं हाक मारली नाही, भांडं वाजवलं नाही. कठड्यापाशी जाऊन उभी राहिली फक्त, आणि घाटावरच्या लिंबावरून कावळे निघाले. एक, मग चार, मग सगळेच. तिच्या पायांपाशी उतरले.

"काकू!" अकोटवाला ओरडला. "हे त् ट्रेनिंग दिलेले आहेत!"

"कालचे नाहीत रे बापा," आई म्हणाली. "हे गेले त्याच्या आधीपासून घालते."

मूर्तिजापूरवालीनं घाटाकडं पाहिलं, कावळ्यांकडं पाहिलं, आणि आईकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं तर तिनं नजर काढून घेतली.

आई म्हणाली, वाचून दाखवा तुमचं नाटक. मला नको होतं, पण अकोटवाला उठलाच. पंचा डोक्यावर घेऊन भूत झाला. लाइन जाते आणि भूत बायकोच्या मागं येऊन उभं राहतं, ते त्यानं केलं. "मेणबत्ती पाहाले आलो," घोगऱ्या आवाजात म्हणाला. आई हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अशेच!" म्हणाली. "अगदी अशेच यायचे वं!" मला इतकं बरं वाटलं की मी त्याला थांबवलं नाही, आणि तो पुढचा प्रसंग वाचत गेला. घाट, पिंड, वचनं. घर इकत नाही. स्कूटरले हात लावत नाही. आई अजून हसत होती. मग तो पोरीच्या आवाजात बारीक होऊन म्हणाला, "सोडते."

आईचा पदर खाली आला. "हे कोणं म्हटलं?"

अकोटवाल्यानं माझ्याकडं पाहिलं.

"हे तू लिहिलं का झालं होतं?" आई मला विचारत होती. "तुले म्हणाले लावलं होतं?"

"काकांनी," मी म्हटलं. "सगळेच म्हणत होते. माह्यापायी जीव अडकला म्हणून."

आई कठड्याला टेकून खाली बसली. पातेलं तिच्या मांडीवर तिरपं झालं आणि उरलेली शितं सांडली, कावळे तिच्या पदराशी आले, तिनं हाकलले नाहीत. म्हणाली, "मी पुऱ्या तळल्या होत्या."

"कवा?"

"दहाव्याले. तुमी घाटावर गेले तवा."

"सुतकात?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता ती कढई मला दिसली. ओट्यावर, तेलाची.

"हाव. तुमी गल्लीच्या बाहेर गेले अन् मी कढई चढवली. सकाळीच कणीक भिजवून झाकून ठेवली होती. परातभर पुऱ्या आणल्या इथी. सारे आले. एक नाही राह्यला तिकडं. मले इथून तुमी दिसत होते सगळे, हात जोडून उभे. एक उडाला का मी पुरी टाको. ऊन डोक्यावर आलं तरी टाकत होती. गेल्या साली पानाच्या आधीही घातलं, पहाटेच, पोट फुटेस्तोवर."

जिन्यावर पावलं वाजली. मूर्तिजापूरवाली अकोटवाल्याला दंडाला धरून खाली घेऊन चालली होती.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, जे आठवतं ते लिहिणार नाही. दोन वर्षं मी पाठीवर घेऊन हिंडले आणि तू इथं पुऱ्या तळत होती, असं काहीतरी. शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं पापड उचलले आणि आत गेली. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"मले माहीत नव्हतं तुह्यावर आलं म्हणून," ती म्हणाली. "माहीत असतं त् भाऊजीच्या तोंडावर सांगतलं असतं. शपथ."

"पण काऊन? काऊन केलं तू असं?"

"काऊन म्हणजे?" तिला माझाच प्रश्न कळेना. "रात्री गच्चीवर एकटे येत नव्हते ते. अन् तिकडं एकटे धाडू? कुठं असते ते, किती अंधार असते, कोणाले माहीत? कावळा शिवला का निंगाले ते. मी म्हटलं, नाही शिवू देत. राहतीन घरात. मी दिवा लावते त्याईले."

तिच्या खोलीत रात्रभर दिवा असायचा. मी सुट्टीत आले की त्यावरून वीजबिलाची कटकट करायची.

"राग होता का वं त्याईले?" शेवटी मी विचारलं. "माह्यावर?"

"राग? तुले सोडून आले त् पायही नाही धुतले. मले म्हणे, खोली चांगली आहे, पण लाइन गेली त् पोरगी कोणाच्या मागं उभी राहीन?"

मी आईच्या मांडीत तोंड घातलं. कावळे आजूबाजूला चालत होते, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. ती माझ्या केसांतून हात फिरवत होती, भाताचा हात, आणि शितं माझ्या केसांत लागत होती.

"जाऊ दे आता त्याईले," ती म्हणाली. मला म्हणाली का स्वतःला, देव जाणे. "दोन वर्षं झाले. सवय झाली असन अंधाराची. अन् तुह्या जिवाले घोर लावून मले नाही ठेवाचे."

तिथीच्या दिवशी आई माझ्या आधी उठली होती. उजाडलं होतं. अकोटवाला बैठकीत घोरत होता, मूर्तिजापूरवाली आईला वड्याची डाळ वाटून देत होती. काल रात्री तिनं एकदाही पिक्चरचा विषय काढला नव्हता, हे मी विसरणार नाही. शेवट सापडला होता आणि तिला ते कळलं होतं. तो वापरायचा का नाही, हे तिनं माझ्यावर सोडलं होतं.

मी गच्चीवर गेले. कावळे कठड्यावर येऊन बसले होते, रोजच्या वेळेला. रोजच्या जागी काही नव्हतं. एकानं काव केलं, मग सगळ्यांनी.

आईचा आवाज जिन्यातून वर आला. "काही टाकू नको वं त्याईले आज. उपाशी राहू दे. भाऊजी येतीनच, मंग पान ठेवू. मी आंघोळ करून आली."

"हाव," मी म्हटलं.

खाली न्हाणीघराचं दार लागलं. बादलीत पाणी पडायला लागलं. कावळे माझ्याकडं पाहत होते. गेल्या वर्षीही असेच पाहत होते. तेव्हा मला वाटलं होतं, यांना माझं सगळं माहीत आहे. आज ते नुसते भुकेले पक्षी होते. पान ठेवलं की झडप घालणार होते, सरळ दिसत होतं. काका हात जोडणार होते. आई पाठ फिरवून डोळे पुसणार होती. आणि बाबा जाणार होते.

दोन वर्षं मी त्या कावळ्यानं शिवावं म्हणून जीव टाकला होता. बाबा मोकळे व्हावे म्हणून नव्हे. मी मोकळी व्हावी म्हणून. आता मी मोकळी होते. त्यांना राग नव्हता. माझ्या मागं उभं राहणारा माणूस माझ्यावर रागावलेला नव्हता, कधीच नव्हता, मला अंधारात एकटं वाटू नये म्हणून येत होता, आणि हे कळून मला एक रात्रही पुरती झाली नव्हती. राजापेठेत लाइन जाणार होती. मी कोणाला सांगू मेणबत्ती बैठकीत आहे म्हणून?

स्वयंपाकघरात मूर्तिजापूरवालीची माझ्याकडं पाठ होती. मी ओट्यावरून कालच्या पोळ्यांचा डबा उचलला. झाकण वाजलं तेव्हा तिनं मान वळवली, डब्याकडं पाहिलं, आणि परत डाळ वाटायला लागली.

गच्चीवर मी पोळ्यांचे तुकडे केले. मोठे मोठे, पोट भरतील असे. "खा," म्हटलं. "खा रे बापांनो. या वर्षीच फक्त."

ते खाली उतरले. खालच्या दारात काकांच्या चपला वाजल्या तेव्हा माझ्या हातात एकच तुकडा राहिला होता. तोही टाकला.